राहू दे त्या कोंबड्या

महादेव,

काल तुझ्या तेरवीला आपल्या देवरावनं घोळ घातलाच. जेवणाआधी कोणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आणि देवराव उठला. नाटकात तुझ्या नवऱ्याचं काम नेहमी तोच करतो, तेव्हा बोलायचा मानही आपलाच असं त्याला वाटलं असणार. उभा राहिला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला, तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघायला लागला. इतकी वर्षं रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून मी त्याला एकेक वाक्य पुरवलं, आता तेरवीतही मीच पुरवायचं! मी मान खाली घालून पुटपुटलो, "म्हादेव म्हंजे दिलदार मानूस." देवराव म्हणाला, "म्हादेव म्हंजे दिलदार मानूस." मी म्हटलं, "त्याच्यासारखा दुसरा होनार नाई." तेही त्यानं म्हटलं. मागच्या पंगतीला ऐकू जाईना, म्हणून मी म्हटलं, "आवाज वाढव बे." आणि देवरावनं हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून सगळ्या मांडवाला सांगितलं, "आवाज वाढव बे."

सगळ्यात आधी तुझी बायको हसली. सुमनवहिनींनी पदर तोंडाला लावला, पण खांदे काही थांबेनात. घरची माणसंच हसली म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला थांबायचं? वांग्याच्या भाजीचा डाव हातात धरून वाढपी हसत उभा. तेरवीच्या मांडवात एवढं हसू मी आजवर पाहिलेलं नाही. तू असतास तर पहिला ओरडला असतास, "वन्स मोर!"

तुझ्याशी बोलायला माझ्याकडं आता कागदाशिवाय दुसरी जागा नाही, म्हणून लिहायला बसलो. आज सकाळी एक गोष्ट घडली आहे. ती तुला सांगायची आहे. पण तू म्हणायचास तसं, मुख्य पात्राला पहिल्याच प्रवेशात आणू नये.

देवरावला तरी नावं काय ठेवायची? त्याचा गुरू तूच. आपल्या झाडीपट्टीत धान निघालं की मंडईची जत्रा भरते आणि मंडई म्हटली की नाटक हे ठरलेलंच. मोठ्या गावांना नायिकेच्या कामाला नागपूरच्या बाया मिळायच्या. आपल्या गावाला मिळायचास तू. वर्षभर बस थांब्याजवळच्या टपरीत सायकलींचे पंक्चर काढायचे आणि मंडईच्या दिवशी मिशी उतरवून नायिका व्हायचं. हातात हिरव्या बांगड्या आणि नखांत काळं ग्रीस. कितीही घासलं तरी ते निघायचं नाही. पुढच्या रांगेतल्या बाया ते बघून म्हणायच्या, "नायिका लय कष्टाळू दिसून राह्यली."

पाठांतराचं तुला वावडं होतं. "पाठ पोपटानं कराव. मी कलाकार हाये," असं म्हणून तू मला खड्ड्यात बसवलंस. शाळेत पोरांना पाढे सांगणारा मी, मंडईला तुम्हा सगळ्यांना वाक्यं सांगायला लागलो. पण तुम्ही लोक एवढे आज्ञाधारक, की खड्ड्यातून येईल ते सगळं नाटकातलंच समजायचे. तुला तो दरोडेखोराचा प्रवेश आठवतो ना? खलनायकासमोर तू थरथरत उभा, आणि तुझा पदर घसरून पार कमरेला. मी सांगितलं, "नराधमा!" तू गरजलास, "नराधमा!" मी कुजबुजलो, "पदर खांद्यावर घे." तू बोट रोखून त्याच्यावर ओरडलास, "पदर खांद्यावर घे!" तो बिचारा दरोडेखोर गोंधळून आपला खांदा चाचपायला लागला. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. पुढच्या साली नाटक वेगळं होतं, तरी लोकांनी ते वाक्य मागून घेतलं.

त्या दिवशी सगळ्यात जास्त हसली होती यशोदा. माझ्या बायकोचं हसू म्हणजे अख्ख्या गावाला ओळखीचं, एकदा सुरू झालं की शेजारच्या घरातली म्हातारीही उगाच हसायला लागायची. तू तिचाच तर चेला. नाटक जवळ आलं की संध्याकाळी आमच्या अंगणात यायचास आणि ती तुला डोक्यावर पाण्याची रिकामी गुंड ठेवून चालायला लावायची. "म्हादेवभाऊ, बाई अशी नाई चालत जी. तुमी तं सायकल ढकलून राह्यले." मग ती स्वतः चालून दाखवायची आणि मागून तू, आणि तुझ्या मागून आमची लहानगी कमल, परकर वर धरून. मी ओट्यावर बसून तपासायच्या पाट्या तशाच ठेवून तुमची ती वरात बघत राहायचो. महादेव, सुख काय असतं असं मला कोणी विचारलं तर मी त्याला ते अंगण दाखवीन.

ते अंगण मग पुरात गेलं.

नदी समोरून येईल म्हणून सगळे नदीकडं बघत होते आणि पाणी आलं मागून, नाल्यानं. वैनगंगेनं नाल्याला तुंबवलं आणि नाला गावात शिरला. सकाळची वेळ होती. शाळा टेकाडावर, म्हणून सगळे शाळेकडं निघालो. कमल माझ्या खांद्यावर, मागे यशोदा. फाटकाशी ती थांबली. टोपलीखाली अंड्यांवर बसवलेली कोंबडी राहिली होती. मी ओरडलो, "राहू दे त्या कोंबड्या, चाल!" तिनं वळून मला काहीतरी उत्तर दिलं. ओठ हललेले मी पाहिले. पाण्याचा आवाज एवढा होता की शब्द माझ्यापर्यंत पोचले नाहीत. ती घरात वळली आणि मागची भिंत पाण्यात बसली.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावच्या मासे धरणाऱ्या ढिवरांनी तिला डोंग्यातून आणून दिलं. त्रिशरण म्हणताना माझा आवाज कापला नाही. लोक म्हणाले, मास्तर धीराचा. कसला धीर? मला राग आला होता. माणूस कोंबडीसाठी जातं का? आणि जाता जाता काय म्हणाली ती? मला सगळा दिवस एवढंच ऐकू यायचं, तिचं ते न ऐकू आलेलं बोलणं.

गाव सगळं शाळेत राहायला आलं होतं. वर्गांत चुली, फळ्यावर पोरांची लंगोटं वाळत घातलेली. मी माझ्याच वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचो. एक दिवस तू आलास. तुझं घर पडलेलं, टपरीतल्या सायकली चिखलात, आणि तू येऊन काय म्हणालास?

"मास्तर, औंदा मंडईले नाटक पाह्यजे."

मी तुला हातातली पाटी फेकून मारली. ती तुला लागली नाही, तुझं नशीब. मी ओरडलो, "गाव उपाशी हाये अन तुले नाटक सुचून राह्यलं?"

तू पाटी उचलून जागेवर ठेवलीस. "तुले रडू येते का?"

"नाई."

"बोलता येते का?"

"नाई."

"मंग लिही. तिसरं काय करशीन?" आणि तू माझ्यापुढं कागद टाकलेस. टपरीतले, सुटे भाग बांधायचे तपकिरी कागद. उन्हात वाळवून आणले होतेस. त्यांना चिखलाचा आणि रबराच्या सोल्युशनचा वास येत होता.

पहिलं वाक्य मी तुझ्यावरच्या रागानं लिहिलं. पण मास्तर पुराचं नाटक लिहून राह्यला ही बातमी तू दुपारपर्यंत तिन्ही वर्गांत पोचवलीस, आणि माझ्यापुढं रांगच लागली. ज्याचं जे गेलं, ते त्याला नाटकात हवं होतं. सखूबाईला तिची माहेरची पितळी गुंड हवी होती. कोणाला लग्नातली पेटी. आणि तुकारामबुवा! ते येऊन माझ्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "मास्तर, माही चंद्री टाका."

"बुवा, म्हैस कशी आणू स्टेजवर?"

"आना नोका जी. नुसतं तिचं नाव घ्या. अन हे लिवा का थे माह्याशिवाय कोनाले दूध नोती देत. अन हे लिवा का तिले गान्याचा शौक होता. मी गायलो का कान हलवे." मग ते चंद्रीचं तेच गाणं गायला लागले. घोगरा आवाज, सूर कुठल्या कुठं. गाता गाता त्यांनी स्वतःचेच कान हलवून दाखवले.

मी लिहीत होतो आणि कागद ओला व्हायला लागला. यशोदेसाठी मी रडलो नव्हतो. चंद्री म्हशीसाठी रडलो. तुकारामबुवांना वाटलं, मास्तरला आपल्या म्हशीचं फारच लागलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दाराआड उभं राहून तू बघत होतास, मला दिसलं होतं.

तिथून पुढं मी लिहीतच राहिलो. दुःख तेवढंच होतं, पण हाताला काम लागलं की दुःखालाही बसायला पाट मिळतो. दरम्यान वरच्या गावांनी आपल्याला पऱ्हे पाठवले. आपली धानाची रोपं वाहून गेली होती, म्हणून त्यांनी त्यांच्या रोवणीतून उरलेली रोपं बैलबंड्या भरून धाडली. गावातल्या बाया गाणी म्हणत चिखलात उतरल्या आणि उशिरानं का होईना रोवणी झाली. ती गाणी तशीच्या तशी मी दुसऱ्या अंकात घातली. तू म्हणालास, "पाह्य, नाटकानं आपलं काम सुरू केलं. धान उगवून राह्यलं." मी म्हटलं, ते पऱ्ह्यांनी उगवलं, नाटकानं नाही. यावर आपण दोन दिवस भांडलो. भांडण्याइतका मी बरा झालो होतो.

शेवटच्या प्रवेशाला मात्र माझा हात थांबला. 'यशोदा फाटकाशी थांबते' एवढं लिहून खाली मी कोरं सोडलं.

"खाली कोरं काऊन?" तू विचारलंस.

"तिथी पडदा पाडू."

"पडदा? लोक रडत घरी जातीन?"

"जाऊ दे."

"नाई जमे. लोक हसत घरी गेले पाह्यजे, नाई तं धान कापाले हात उचलत नाई. थे काय म्हनली, थे लिही."

"मले मालूम नाई थे काय म्हनली!" मी केवढ्यानं ओरडलो होतो. रोवणीहून परतणाऱ्या बाया दारात थांबल्या.

तू कागदांची चळत सारखी केलीस. मग म्हणालास, "बरं, नोको लिहू. खड्ड्यात बसून जे सुचन थे बोल. मी म्हनीन. मले तं सवयच हाये."

मंडईच्या रात्री नाटक लांबलं ते त्या म्हशीमुळं आणि पितळी गुंडीमुळं. प्रत्येकाची वस्तू आली की टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोर. तुकारामबुवांनी चंद्रीचं वर्णन तीनदा करून घेतलं. शेवटचा प्रवेश येईपर्यंत पूर्वेला उजाडलंच. पेट्रोमॅक्सचा उजेड फिका पडला होता आणि तू सुमनवहिनींचं जांभळं लुगडं नेसून फाटकाशी उभा होतास. समोर देवराव, म्हणजे नाटकातला मी. त्याच्या खांद्यावर कोणाचंतरी झोपलेलं पोर. देवराव खड्ड्यात बघतोय, तू खड्ड्यात बघतोयस, पेटीवाल्यानंही बोटं उचलून माझ्याकडं बघितलं. मला पडदा पाडायला सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "यशोदे, राहू दे त्या कोंबड्या. चाल."

पेटीसमोरच्या माईकनं ते उचललं आणि भोंग्यातून अख्ख्या मंडईला ऐकवलं.

आता तू ते म्हणायचं होतंस. आजवर खड्ड्यातून आलेलं काहीही तू सोडलं नव्हतंस, 'पदर खांद्यावर घे' सुद्धा. मी वाट बघत राहिलो. तू म्हटलं नाहीस. तू माझ्याकडं वळलास, देवरावकडं नाही, थेट खड्ड्याकडं, कमरेवर हात ठेवलास आणि उत्तर दिलंस.

"अवो, अंड्यावर बसली हाये थे. आता कशी उठवू तिले? तुमी चाला फुडं, पोट्टीले धरा. आलीच मी."

तिचाच ठसका. शेवटच्या शब्दाला आवाज वर न्यायची तिची ती खोड. माझ्या हातातले कागद कधी खाली पडले कळलं नाही. तेवढ्यात गावातला कुठला तरी कोंबडा, पुरातून वाचलेला, जोरात आरवला. आधी कोणी हसलं नाही. मग एक बाई हसली आणि मग सगळं मैदान डोळे पुसत हसायला लागलं. आणि मागून तुकारामबुवांचा घोगरा आवाज आला, "वन्स मोर!"

मी खड्ड्यातून उठलोच होतो. बुवांचं म्हातारपण बघितलं नसतं मी त्या क्षणी. मरणाला वन्स मोर? पण तू शांतपणे पदर सारखा केलास, चालत मागे गेलास, आणि पुन्हा फाटकाशी येऊन उभा राहिलास. यशोदा पुन्हा फाटकाशी होती, महादेव. जायची होती अजून. मी खाली बसलो आणि या वेळी मी तेच विचारलं जे मला विचारायचं होतं. "तवा काय म्हनली होती वं तू? मले आईकू नाई आलं."

तू विचार केलास. मग म्हणालास, "काई नाई जी. चुलीवर भात ठेवला होता, थो उतरवून घेजा म्हनली."

मी हसलो. पूर आल्यापासून पहिल्यांदा. पाणी दारात आलेलं असताना भाताची काळजी करणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात एकच होती, आणि तुला ती माझ्याइतकीच माहीत होती.

मग दर साली तेच नाटक. बाकी सगळं लिहिलेलं, शेवटचा प्रवेश कोरा. मी काय विचारणार ते तुला माहीत नसायचं आणि तू काय सांगणार ते मला. मूल गावच्या मंडईत मी विचारलं, तिखटाचा डबा कुठं ठेवलास, तर तू म्हणालास, "पुरात गेला, आता तरी नवीन घ्या." आपल्या भागातली पोरं घुग्घुसच्या खाणीत कामाला आहेत, त्यांनी आपल्याला बोलावलं तेव्हा धुळीनं तुझा आवाज बसला होता. मी विचारलं, बरी आहेस ना, तर तू खोकत म्हणालास, "पान्यातून वाचली असती तं या धुरळ्यात मेली असती." शिफ्टवरून थेट आलेली ती पोरं कोळशाच्या काळ्या तोंडांनी एवढी हसली! आणि नदीपलीकडं, एटापल्लीच्या वाटेवरच्या त्या जंगलातल्या गावात? निम्म्या लोकांना आपली मराठी कळत नव्हती, गोंडीत एकमेकांना विचारत होते. पण कोंबडी सगळ्यांना कळली. सकाळी एक म्हातारी आली आणि तुझ्या हातात जिवंत कोंबडी देऊन गेली. तू अजून लुगड्यातच होतास. अख्ख्या बसमध्ये ती कोंबडी मांडीवर घेऊन तू बसलास आणि घरी आल्यावर कमलला दिलीस. "घे वं पोट्टी, तुह्या मायनं पाठवली." आमच्या घरच्या सगळ्या कोंबड्या तिच्याच वंशातल्या आहेत.

आपलं एक भांडण मिटलं नाही ते नाहीच. गेल्या साली मी खड्ड्यातून विचारलं, कमल दहावी झाली, चांगलं स्थळ आलंय, काय करू? तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "कॉलेजात घाला. नाई तं मी पुराले घेऊन परत येते." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मूलच्या कॉलेजात कमलचं नाव घालावं लागलं. नंतर मी तुला टपरीवर येऊन सुनावलं. यशोदा असं बोललीच नसती, तिला पोरीच्या लग्नाची हौस होती. तू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत म्हणालास, "तुले काय मालूम बाईच्या मनातलं? लुगडं मी नेसतो का तू?" मी अजूनही म्हणतो, ती तसं बोलली नसती. पण कमल कॉलेजच्या बसनं जाते-येते, आणि उतरली की तिचं हसू पार माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येतं.

आणि मग तू एका सायकलीत हवा भरता भरता पंपावरच मान टाकलीस. ज्याची सायकल होती तो सांगतो, हवा पूर्ण भरलेली होती. तसं तू काम अर्धवट सोडणाऱ्यातला नाहीसच. माझ्याशी भांडण तेवढं अर्धं ठेवलंस.

तुझ्यासाठी मला रडायला म्हैस लागली नाही. टपरी बंद दिसली की रडू येतंच. पण तुला खरं सांगू? मी एकट्या तुझ्यासाठी रडत नव्हतो. तुझ्याबरोबर यशोदा पुन्हा गेली. तिचं बोलणं माझ्या घरात नव्हतं, फोटोत नव्हतं, तुझ्या तोंडात होतं. आता मंडई आली की मी खड्ड्यात बसून विचारणार आणि वर कोणीच नसणार, एवढंच मला दिसत होतं. काल जेवणं झाल्यावर मंडळी बसली तेव्हा मी म्हणालो, यंदा नाटक नको. देवराव म्हणाला, "यंदा नाटक नोको." त्यानंही ते मनापासूनच म्हटलं असेल.

तेव्हा सुमनवहिनी आतून आल्या. हातात ते जांभळं लुगडं होतं, धुऊन घडी घातलेलं. "माह्या या लुगड्याची त्यायनं पार चिंधी केली," त्या म्हणाल्या, "पन धुवून ठेवलं हाये. कोन नेसते थे सांगा." कमल उष्टी पानं उचलत होती. तिनं हात पुसले आणि लुगडं घेतलं.

आता आज सकाळचं सांगतो.

शाळेच्या मैदानात तालीम ठेवली. रंगमंच नाही, खड्डाही अजून खणलेला नाही, मी आपला जमिनीवर बसलो. देवराव उभा राहिला. कमल तिकडून आली, आणि मी बघतच राहिलो. मला वाटलं होतं, ती आईसारखी चालेल. ती तुझ्यासारखी चालत आली, महादेव! तीच सायकल ढकलल्यासारखी चाल. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती, तिला आठवतं ते फक्त पाणी. आईची चाल ती दर मंडईला तुझ्याकडं बघून शिकली होती. तू यशोदेकडून जेवढी बिघडवून घेतलीस, तेवढी बरोबर उचललीय पोरीनं.

ती फाटकाच्या जागी थांबली. मी म्हणालो, "राहू दे त्या कोंबड्या. चाल." तिनं कमरेवर हात ठेवले, माझ्याकडं वळली, आणि पुढं काय विचारायचं ते मला सुचेना. जे पोटात होतं तेच आलं. "यशोदे, म्हादेव गेला वं. आता तुहं बोलनं मले कोन सांगन?"

कमलचे डोळे भरलेले मला दिसत होते. मग तिनं पदर सावरला, आणि शेवटच्या शब्दाला आवाज वर नेत म्हणाली, "म्हादेवभाऊ पोचला जी इथी. कालपासून लुगडं नेसाले शिकवून राह्यली मी त्याले, अजून पदर खांद्यावर राहत नाई. तुमी घाई नोका करू."

मग देवराव, ज्याला आजवर कोणी सांगितल्याशिवाय एक शब्द सुचला नव्हता, तो आपल्या मनानं बोलला.

"वन्स मोर," तो म्हणाला.

कमल मागे गेली, फिरून फाटकाशी येऊन उभी राहिली. मी डोळे पुसले आणि पुन्हा विचारलं.